गाभ्यातलं अस्वल

राखीव रानाच्या कचेरीत मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून तिच्या खिडक्या दिवसाही झाकलेल्या असायच्या. तिथे बसून वहिनी रान निवडायच्या. घरोघरी धान्य निवडतात ना, तस्सं. झाडांना बांधलेले कॅमेरे समोरून काही हललं की आपोआप फोटो काढत आणि ते सगळे वहिनींच्या पुढ्यात येत. हरणं इकडे, डुकरं तिकडे, वाऱ्याने हललेलं नुसतं गवत कचऱ्यात. माणूस दिसला तर तोही कचऱ्यात. रानाच्या गाभ्यात माणसाला बंदी, मग फोटोत तरी त्याचं काय काम, असा तिथला नियम होता.

त्या सगळ्या कचेरीच्या वहिनी होत्या, कारण त्यांचा नवरा सगळ्या कचेरीचा दादा होता. कॅमेरे बांधायचं काम दादांचं. कॅमेरा बांधला किंवा त्याची बॅटरी बदलली की तो टिपतो की नाही हे बघायला समोरून कुणीतरी जावं लागतं, आणि माणसासारखं ताठ चालून भागत नाही. जनावराच्या उंचीनेच जावं लागतं. दादा हे काम अगदी मन लावून करत. घरीसुद्धा जेवण झालं की हातापायांवर, दुखरा डावा पाय जरासा ओढत, पुढच्या खोलीत येरझाऱ्या सुरू.

"अहो, पुरे आता. शेजारी बघतील," वहिनी म्हणत.

"बघू देत. हरीण आलं म्हणतील."

"हरीण? आरशात बघा एकदा!"

गेल्या थंडीत दादा एका कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला गाभ्यात गेले, धुक्यात भिजून आले, तापाने पडले आणि पुन्हा उठले नाहीत. काही दिवसांनी वहिनी कचेरीत येऊन गुमान आपल्या खुर्चीवर बसल्या. हरणं इकडे, डुकरं तिकडे.

थंडी ओसरल्यावर त्या भागातले फोटो आले. आताशा वहिनींच्या आधी संगणक फोटो चाळायचा आणि ज्याचं त्याचं नाव घालायचा. तो संगणक सांभाळणारे भाऊजी म्हणजे उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. ते खुर्चीतून उठून ओरडलेच.

"वहिनी! अस्वल!"

त्या रानातून अस्वलं नाहीशी होऊन एक पिढी उलटली होती. वहिनींनी वाकून पाहिलं. धुकं होतं, दवाने वाकलेलं गवत होतं, आणि धुक्यात शिरत चाललेली एक काळी, केसाळ, गुबगुबीत पाठ होती. डोकं पलीकडे. डावा पाय जरासा ओढलेला. दादांचा तो लोकरी कोट वहिनींनीच हौसेने घेतला होता, आणि त्याची उसवलेली बगलही त्यांनीच शिवली होती.

वहिनी गप्प राहिल्या. बोलल्या असत्या तर फोटो कचऱ्यात गेला असता. बॅटरी काढली की कॅमेऱ्याचं घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं, त्यामुळे तारखेवरूनही कुणाला शंका आली नाही. रानाचे प्रमुख मोठे साहेब फोटो बघून गहिवरले. "मी निवृत्त व्हायच्या आत आलं हो," ते म्हणाले, आणि वहिनींच्या ओठांवर आलेलं ओठांवरच राहिलं.

मग दिवस कसे गेले ते वहिनींना कळलंच नाही. त्या अंधाऱ्या खोलीत तो फोटो कोपऱ्यात उघडा असायचा आणि त्याचं धुकं हळूहळू खोलीत पसरायचं. दादा त्यातून चालत राहायचे. झुडपांखालची बोरं खायचे, झाडाला पाठ घासायचे, ढोलीत अंगाचं मुटकुळं करून निजायचे. कधी हरणांच्या फोटोतसुद्धा, कडेला, गवत हललेलं दिसायचं. लोकांचे नवरे स्वर्गात जातात, आपला गाभ्यात गेला, असं वहिनींना वाटे, आणि या वाटण्यात फार सुख होतं.

एके दिवशी भाऊजी हसतच आत आले. "वहिनी, आपल्या अस्वलाचं लग्न ठरलं! डोंगरापलीकडच्या रानातून मादी आणताहेत. साहेब म्हणाले, एकटं आहे बिचारं, सोबत नको?"

वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या ह्यांना दुसरी? आणि ती केसाळ? क्षणभराने त्यांचं त्यांनाच हसू आलं. भाऊजींनी पडद्यावर नवरीमुलगी दाखवली. नाक वर करून ती वारा हुंगत उभी होती.

"वासावरनं शोधतात ही," भाऊजी म्हणाले. "त्याच्यासाठी अख्खा डोंगर पालथा घालेल."

"आणि नाही सापडला तर?"

"सापडेल हो."

"पण नाही सापडला तर?"

"मग काय, शोधत राहील."

घरी कपाटात दादांचा न धुतलेला सदरा होता. वहिनी तो रोज नाकाशी धरायच्या. हल्ली त्याला नुसता कपाटाचा वास यायचा, तरी त्या धरायच्या. त्या संध्याकाळीही त्यांनी तो धरला, आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

सकाळी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. "साहेब, ते अस्वल नाही. आमचे हे आहेत."

साहेबांना वाटलं, बाईचं दुःखाने डोकं फिरलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. वहिनींनी कोटाचं सांगितलं, पायाचं सांगितलं. साहेब फोटोकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"आधी का नाही बोललात?"

"पुसला असतात."

"मग आता का बोलताय?"

"ती येईल आणि सगळं रान हुंगत फिरेल, साहेब. आणि तिथे कुणी नाहीये. तिथे कुणीच नाहीये हो."

साहेबांनी फोन उचलला. पलीकडे मादीचा पिंजरा गाडीवर चढलासुद्धा होता. "उतरवा. आहे तिथेच सोडा तिला," साहेब म्हणाले आणि फोन कानाला लावून थांबले. वहिनीही उभ्या राहिल्या.

"काय म्हणतात?"

"गेली. तिच्याच झाडीत शिरली, मागे वळूनही पाहिलं नाही म्हणे." साहेब जरा घुटमळले. "वहिनी, फोटो राहू द्या हवं तर. नियमाचं मी बघतो."

"नको, साहेब."

लांबट खोलीत येऊन वहिनींनी फोटोखालचं 'अस्वल' खोडलं आणि 'माणूस' लिहिलं. नक्की पुसायचं का, संगणकाने विचारलं. धुक्यात शिरणारी ती पाठ त्यांनी डोळे भरून पाहिली. दादा कामाला निघाले की त्या दारातून 'लवकर या' म्हणायच्या, कितीतरी वर्षं. आज त्या 'सावकाश जा' म्हणाल्या, आणि बटण दाबलं.