पहिली पत्रिका

हातकागद करायला काही अक्कल लागते, असं लोकांना वाटतच नाही. रद्दी भिजवायची, मिक्सरमधून काढायची, जाळीवर पसरायची, झालं! एकदा आमच्या चिखलोलीच्या बाल्कनीत या आणि करून दाखवा. दोन महिने माझी बोटं पाण्यात होती, सुनेत्राताईंच्या अडीचशे पत्रिकांसाठी.

अंबरनाथ पश्चिमेच्या एका प्रदर्शनात त्यांनी माझा कागद पाहिला आणि लेकीच्या, चैत्रालीच्या, लग्नाची पत्रिका याचीच करायची म्हणून हटून बसल्या. अट एकच. कागदात शिवमंदिराच्या निर्माल्यातला झेंडू हवा. पत्रिकेच्या मागे ओळ छापायची होती, 'देवाला वाहिलेल्या फुलांचा कागद'. मी रोज सकाळी जाऊन पिशवीभर निर्माल्य आणायची, पाकळ्या निवडायची, जुन्या वह्यांच्या लगद्यात मिसळायची. एकेक कागद जाळीवरून अलगद उतरवायचा. फाटला की पुन्हा पहिल्यापासून.

शनिवारी त्या कागद न्यायला पहिल्यांदाच घरी आल्या. एक कागद उजेडात धरून "किती गोड गं!" म्हणाल्या. मग मान वर केली, तर समोर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. माझ्या सासूबाईंनी पुढे केलेला चहा टेबलावरच राहिला.

"स्वप्नाली, गैरसमज नको हं," त्या म्हणाल्या. "आमच्यात पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात. तेवढी एक मी प्रेसमधून साध्या कागदावर छापून घेते. माझं काही नाही गं, पण घरात मोठी माणसं आहेत, जुन्या वळणाची."

"पण फुलं तर देवाचीच आहेत, ताई."

"फुलांचं काही नाही गं..."

पुढचं बोलायची गरजच नव्हती. सासूबाईंनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान बघून माझं डोकंच फिरलं. निर्माल्य उपसताना माझे हात चालले, आणि कागद देवापुढे जायची वेळ आली तेव्हा विटाळले? वर यांची हिंमत बघा, नाव मोठ्या माणसांचं!

मी गठ्ठा उचलला आणि बाल्कनीतल्या पाण्याच्या टबात टाकला.

"अगं, काय करतेस? लग्न महिन्यावर आलंय!"

"देवाला चालत नाही तो कागद पाहुण्यांना तरी कशाला? तुमचा विसार संध्याकाळी परत पाठवते."

त्या तरातरा निघून गेल्या. मग मात्र मला रडू फुटलं. दोन महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत विरघळत होती.

"रडतेस कशापायी?" सासूबाई पदर खोचत म्हणाल्या. "कागदच हाय ना, पुन्हा करू." आणि त्यांनी कोपरापर्यंत हात टबात घातले.

मंगळवारी फोन आला. सुनेत्राताईंचा आवाज पार उतरलेला. "चैत्राली ऐकतच नाहीये. तिला तोच कागद हवाय. करशील ना गं?"

"करते. पण देवापुढची पहिली पत्रिका याच कागदाची. आणि मागच्या ओळीखाली माझं नाव, आडनावासकट."

"अगं, पण..." त्या अडखळल्या. टबात लगदा तयार होता, सासूबाई जाळी धरून उभ्या होत्या.

"घाई नाही, ताई," मी म्हटलं. "घरातल्या मोठ्या माणसांना विचारून सांगा."