पाणकाठची राखण

मला येडी म्हणायचं तर म्हणा, गावानं आधीच म्हणून ठिवलंय. बाकीच्या म्हाताऱ्या नातवंडं राखत्यात आन ही म्हाळसा पाखरं राखती, असं पिठाच्या गिरणीत बोलत्यात, आन मी दळण घिऊन गेले की गप हुत्यात. बोला की तोंडावर. मी धनगराची हाय, लांडग्याला भ्याले न्हाय तर तुमच्या जिभंला काय भिणार? पण खरं सांगते, त्यांच्या बोलण्यापरीस ते गप होणंच मला जास्ती लागतं.

माझं खोपाट इंदापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला, गावापासनं कोसभर लांब. आदी हितं माळरान हुतं, आमची तीनशे मेंढरं चरायची. धरणात पाणी अडलं आन माळ बुडाला. पुढं मालक वारलं, मेंढरं इकावी लागली. ल्योक बिरू बारामतीच्या एमायडीसीत दुधाच्या कारखान्यात लागला. तितंच त्याची खोली, बायकू आन पोरगी. महिन्यातनं एकदा फटफटीवर येतो, तांदूळ-डाळ टाकतो आन म्हणतो, "आये, चल की तिकडं." एकदा गेले हुते. सून चांगली हाय, तिचा काय दोष न्हाय. पण दार उघडलं की समोर दुसऱ्या खोलीची भिंत. नजरंला जायला जागाच न्हाय. आठ दिस कसंबसं काढलं आन नवव्या दिशी एस्टीत बसले.

परत आले खरी, पण हितं तरी बोलायला कोण बसलंय? दोन दोन दिस तोंडातनं शबुद निघायचा न्हाय. आपला आवाज आपूनच इसरू न्हाय म्हणून चुलीला शिव्या द्यायची.

मग त्या विजयमालाबाई आल्या. गावच्या शाळंत मास्तरीण, मूळच्या बावड्याच्या. परिसर अभ्यास का काय म्हणून एक इषय असतो पोरास्नी, त्याच्यासाठनं एका शनवारी दुसरीची तीस पोरं घिऊन काठाला आल्या. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसा काठ उघडा पडतो, पार लांबपत्तुर गाळ, बारीक खडी, कुठं कुठं लव्हाळं. पोरं नुसती उंडारत हुती. एक पोरगी, कौसल्या तिचं नाव, पाय टाकणार तेवढ्यात मी वरडले, "पाय उचल, भवाने, अंडी हायती तितं." समदी थबाकली. बाईबी वाकून बघाय लागल्या. खड्यासारखी ठिपक्याची तीन अंडी, पायापासनं इतभर अंतरावर, आन एकालाबी दिसत न्हवती.

"आजी, तुमाला कसं दिसलं?" बाईंनी इचारलं.

"मेंढरामागं जल्म गेला, बाई. खाली बघूनच चाललोय आमी."

त्या दिशी मी घंटाभर बोलले. टिटवी अंड्यापासनं लांब जाऊन मुद्दाम बोंबलती, माणसाला चकवा द्यायला. आन ते पांढरं पाखरू, पिवळ्या चोचीचं, बाई त्याला सुरय म्हणायच्या, ते पाण्यावर जाऊन पोट भिजवून येतं आन वल्ल्या पोटानं अंड्यावर बसतं, उन्हानं अंडी शिजू न्हाईत म्हणून. पोरं आ वासून ऐकत हुती. जाताना बाई म्हणल्या, "पुढच्या शनवारी यिऊ का?" मी म्हणलं, "या की, रान काय माझ्या बापाचं हाय?" असं तोडूनच बोलले. आतनं मातुर असा आनंद झाला की त्या रातीला दोन भाकरी खाल्ल्या.

दोन वर्सं शनवार चालला. सक्काळची शाळा सुटली की पोरं यायची. मी शुक्करवारीच खोपटाम्होरं झाडून काढायची, शेंगा भाजून ठिवायची. बिरूला वाटायचं मी रानासाठनं हितं ऱ्हाती. रान हाय खरं, पण म्या शनवारासाठनं जगत हुते. कुणाला सांगितलं न्हाय, आज सांगते.

सत्त्याण्णव सालच्या फाल्गुनात मोहनराव आला. गावातला बडा ऊसवाला, पर माणूस वंगाळ न्हाय. खोपटाम्होरं जीप लावून म्हणला, "काकू, ह्या गाळाची वीट लई झ्याक हुती. पाटबंधाऱ्याकडं अर्ज टाकलाय, काठ भाड्यानं मिळला की भट्टी लावतो. पन्नास माणसास्नी काम मिळंल."

"आन पाखरं?"

"पाखरास्नी पंख हायती की, काकू."

मी बाईंना सांगितलं. बाईंनी पोरांकडनं अर्ज लिवून घेतला, आमच्या काठावर पाखरं अंडी घालत्यात, तो कुणाला दिऊ नगा म्हणून. तीस पोरांच्या सह्या आन खाली माझा अंगठा. पंधरा दिसांनी जबाब आला. चैतात पाटबंधाऱ्याचा सायेब सोता पाहणीला येणार. घरटी दिसली तर काठ राखायचा इचार करू, न्हाय दिसली तर भट्टीला परवानगी. सरळ बात हुती. पोरांनी आन मी मिळून मोजलं, काठाला सोळा घरटी भरली. मी निवांत झाले.

सायेब यायच्या सहा दिस आदी, सकाळी बघते तर एका घरट्याची नुसती टरफलं. गावातली कुत्री यिऊन गेली हुती.  सहा दिसात ह्या कुत्र्यांनी समदं साफ केलं तर? काठ गेला, म्हंजी शनवार गेला.

आता बगा, आमा धनगराला एकच इद्या ठावी. माळावर मेंढी व्याली आन मेंढरांचा वाडा लांब असला, तर आमी बाभळीच्या काट्या तोडून कोकराभवती गोल लावतो. लांडगा, कोल्हं, कुत्रं, कुणाची छाती हुत न्हाय आत शिरायची. बापानं केलं, मालकानं केलं, मी शंभरदा केलं. कोकरू कधी दगावलं न्हाय. मग दुसरं काय सुचणार मला?

तो शनवारच हुता. पोरं आली तशी म्या कुऱ्हाड काढली. येड्या बाभळीच्या फांद्या मी तोडायच्या, पोरांनी वढायच्या. पंधराच्या पंधरा घरट्याभवती कंबरंएवढं कुंपण. बाई म्हणल्या, "आजी, पाखरं बिथरायची न्हाईत ना?" मी ताठ्यात म्हणलं, "बाई, पुस्तकात तुमी शाण्या, रानात मी." मग त्याबी पदर खोचून फांद्या वढाय लागल्या. कौसल्याच्या बोटाला काटा मोडला तर रडली बी न्हाय, म्हणली, "आजी, आता आपली पिल्लं वाचली." दुपारी समद्यास्नी शेंगा वाटल्या. एवढी माणसं माझ्या दारात मालकाच्या माघारी कधी जेवली न्हवती. लई बरं वाटलं.

पोरं गेली. मी काठाला बसले. सुरय वर घिरट्या घालत हुती, खाली यायची, काट्याजवळ आली की उठायची. टिटव्या लांबनं कालवा करत हुत्या. मी म्हणलं, नवीन हाय, सवय हुईल. मेंढीबी पयल्यांदा बिचकतीच. ऊन आणखी तापलं, खडीवर पाय ठरंना. तरी मी आपली बसून. सवय हुईल, सवय हुईल.

ऐतवारी सकाळी काट्यांवर कावळं बसलेलं. चांगलं डौलात, खाली वाकून बघत हुतं. उघड्या रानात ज्यास्नी अंडी दिसत न्हवती, त्यास्नी मी बसायला खुर्ची दिली हुती आन खूणबी करून दिली हुती. तवा माझ्या डोस्क्यात उजेड पडला. पळत गेले, हातानंच काट्या उपसल्या. पंधरा कुंपणं काढता काढता दुपार झाली, दोन्ही हात रगात झालं. निम्मी घरटी कावळ्यांनी फोडली हुती. उरलेली अंडी हातात घेतली तर तव्यावरल्यावानी तापलेली. एक फुटलं. आत पिल्लू हुतं, इवलीशी चोच, अंगावर लव. मी तितंच बसले आन मोठमोठ्यानं रडले. ऐकायला कोण हुतं?

करायला गेले गणपती आन झाला मारुती. मेंढरू आडोसा मागतं. हे पाखरू उघडं रान मागतं, चारी बाजूनं बैरी दिसला पायजे त्याला, तरच ते बसतं. वर्सानुवर्सं डोळ्याम्होरं बघत हुते मी हे, पोरास्नी शिकवत हुते. आन येळ आली तवा धनगराची अक्कल पाखराला लावून बसले.

सायेब शुक्करवारी आला. संगं मोहनराव, विजयमालाबाई, तीस पोरं. मी बाईला आदल्या दिशीच शाळंत जाऊन समदं सांगितलं हुतं. त्या बाजूला घिऊन म्हणल्या, "आजी, कुत्र्यांनी खाल्ली म्हणूया. ते काय अगदीच खोटं न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची." बाईचा जीव तुटत हुता, मला कळत हुतं.

सायेब काठानं फिरला. रिकामं खड्डं, रिकामी खडी. मोहनराव हळूच म्हणला, "सायेब, बगा तुमीच. पाखरू न्हाय, पिल्लू न्हाय."

मी म्होरं झाले. पदराखाली फडकं हुतं, ते खाली ठिवलं आन गाठ सोडली. तेवीस अंडी. ठिपक्याची, करपलेली. 

"ही हितली हायती," मी म्हणलं. "पंधरा घरटी हुती. कुत्र्यांनी न्हाय मारली, मी मारली. राखायला म्हणून काट्या लावल्या, पाखरं आत यिईनात, उन्हानं शिजली. ह्या पोरांचा काय दोष न्हाय, बाईचा न्हाय. अक्कल माझी."

कौसल्या माझ्याकडं बघत हुती. तिच्या डोळ्यात मला बघवंना.

सायेबानं एक अंडं उचललं, लई येळ बघितलं. पन्नाशीचा माणूस. मग म्हणला, "म्हणजे घरटी होती. पण असं दर वर्षी झालं तर काठ राखून उपयोग काय, आजी? तुम्हीच सांगा, काय केलं तर ही पाखरं जगतील?"

उत्तर मला ठावं हुतं. ऐतवारपासनं ठावं हुतं.  मी पोरांकडं बघितलं. निम्म्यास्नी तर मी नावानं हाक मारत हुते, कुणाला शेंगा आवडत्यात, कुणाला गूळ, समदं पाठ हुतं.

"काय करायचं न्हाय," मी म्हणलं. "फाल्गुनापासनं जेठापत्तुर हितं माणसाचं पाऊल नगं. भट्टी नगं, मेंढरू नगं, कुत्रं आलं तर लांबनं हाकलायचं. पोरंबी नगंत."

"पोरंबी?" बाईंनी इचारलं.

"पोरंबी. आन मीबी. आमी आलो की ते उठतं. ते उठलं की अंडं तापतं. एवढंच हाय, सायेब."

"मग तुमचा तो शनिवारचा वर्ग?"

"बंद," मी म्हणलं.

मोहनराव टोपी काढून डोस्कं खाजवत उभा ऱ्हायला. सायेबानं तितंच कागदावर लिवलं. महिन्यानं हुकूम आला, भट्टीला परवानगी न्हाय, काठावर चार महिनं मनाई. खोपटापासनं धा पावलावर दगडांची वळ लावली, त्यावर चुना मारला. मनाईचा बोर्ड वाचून दावणाऱ्या शिपायाला मी इचारलं, "ह्यात मी आले का?" तो लाजून म्हणला, "आला की, आजी." मोहनरावानं भट्टी दुसरीकडं लावली. रस्त्यात भेटला की आजबी रामराम घालतो.

त्या जूनात बाईंची बदली झाली. चौथीची पोरं पाचवीला दुसऱ्या गावाला जाय लागली. पावसाळ्यात, हिवाळ्यात यायला मनाई न्हवती, पण नव्या मास्तरला पाखरांचं याड न्हवतं. कोण आलं न्हाय. शुक्करवारी झाडायला हात जायचा आन मीच हाताला म्हणायची, कुणासाठनं गं? बिरू दिवाळीला आला, म्हणला, "आये, आता काय ऱ्हायलंय हितं?" मी म्हणलं, "चैत बघू दे." तो चिडून गेला. चिडणारच, त्येची तरी काय चूक?

औंदाच्या चैतात सुरय आली. टिटव्या आल्या. मी चुन्याच्या दगडाअलीकडं बसायची, हातात काठी, कुत्रं दिसलं की लांबनं दगूड भिरकवायची. नजर कमी आलीया, पण बसलेलं पाखरू कळतं. मोजलं तर एकवीस घरटी. गेल्या सालापरीस पाच जास्ती.

आन परवा, शनवारीच, पिल्लं निघाली. उन्हाच्या आदी बघते तर खडीवर काय तरी हलतंय. खडाच चालाय लागला म्हणावं असं. एक, दोन, मग कितीतरी, आयांच्या मागनं पाण्याकडं तुरूतुरू. माझा जीव असा भरून आला की उठून उभी ऱ्हायले. कौसल्येला हाक मारावी, बाईंना हाक मारावी, पाक गावाला वरडून सांगावं, निघाली गं, निघाली. तोंड उघडलंबी हुतं.

तेवढ्यात जवळची सुरय मान वर करून माझ्याकडं बघाय लागली. मी वरडले असते तर ती उठली असती, आन तिच्यामागं समदीच. म्हणून मी तोंडावर पदर धरला आन हळूच परत खाली बसले.