शेवाळाची चांदी

शाळा सोडली तेव्हा आईने मला आत्याच्या गळ्यात बांधलं. आत्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. मागच्या टाकीचं शेवाळ खरवडून आणायची, उकळायची, गाळायची. त्या पाण्यात चांदीच्या क्षाराचं पाणी घातलं की चांदीचे कण तयार होतात, इतके बारीक की आमच्या मायक्रोस्कोपमध्येही दिसत नाहीत. रंगावरून कळतं. कोऱ्या चहासारखा झाला की जमलं. त्यात भिजवलेल्या पट्टीकडे जंतू फिरकत नाहीत. लोक तिला शेवाळीण म्हणायचे. ती खुशाल ओ द्यायची.

मोठ्या डॉक्टरीणबाईंना आमची लॅबची खोली सामानासाठी हवी होती. शिवाय हे चांदीचं पाणी आत्या बाहेरून विकत आणते, असा त्यांना संशय. शुक्रवारी माझ्यासमोर करून दाखवा, नाहीतर खोली रिकामी करा, म्हणाल्या.

शुक्रवारी मी उशिरा पोचले. आत्याने माझी बिनपाण्याने केली. मी तोंड फुगवून कोपऱ्यात. बाई आल्या, आत्याने दोन्ही पाणी एकत्र केली आणि चंबूत चुना कालवल्यासारखं पांढरं झालं.

बाईंनी घड्याळ बघितलं. आत्याचे कान लाल.

मला कारण माहीत होतं. घाईत तिने शेवाळ नळाच्या पाण्यात उकळलं होतं. नळाच्या पाण्यातल्या क्षाराने चांदी फाटते, शुद्ध पाणीच घे, म्हणून रोज माझं डोकं खाते. मी कोपऱ्यातून बघितलं होतं आणि रागात गप्प बसले होते.

"आत्या, नळाचं पाणी घेतलंस तू."

मला वाटलं, आता माझ्यावर ढकलणार. फळीवर गेल्या आठवड्याची तयार बाटलीही होती, ती पुढे करता आली असती. आत्या सरळ बाईंकडे वळली.

"चूक माझी. परत करते. दीड तास लागेल, बसा."

मोठ्या बाईंना असं बसा म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. आणि त्या स्टूल ओढून बसल्या की!

आत्याने नवं शेवाळ धुतलं, तोललं, उकळलं. चंबू खिडकीतल्या उन्हात ठेवला. आधी पिवळसर, मग हळूहळू चहा. बाई तीनदा उठून बघून आल्या.

"विकतचं असतं तर फसलं नसतं," त्या म्हणाल्या. "एवढ्यात पट्ट्या किती भिजतील?"

"चाळीस."

"भिजवा. सामान दुसरीकडे ठेवू."

त्या गेल्यावर आत्या माझ्याकडे वळली. "बघितलं होतंस ना? राग आला तरी निदान खोकायचंस."