मुद्देमालाच्या पाकिटातली घुगरी

मी एक जुनी चांदीची घुगरी आहे. मित्रांनो, बंजारा तांड्यातल्या लग्न झालेल्या बायका कानाजवळ केसांत बांधतात तो दागिना. आम्ही नेहमी जोडीने असतो. बोरी अरबजवळच्या तांड्यात नंदाबाईने आम्हा दोघींना जन्मभर मिरवले. ती वाकून कापूस वेचायची आणि आम्ही तिच्या गालाशी वाजायचो. मागच्या हिवाळ्यात ती वारली. तिच्या नवऱ्याने, धरमसिंगने, आम्हाला तिच्या ओढणीत गुंडाळून पेटीत ठेवले.

ती पेटीच चोरीला गेली. चोराने आम्हाला वणीत नेले आणि तिथे एका सोनाराच्या भट्टीवर माझी जोडीची बहीण चांदी वितळवायच्या मुशीत पडली. माझ्यासमोर तिचे पाणी झाले. मला चिमट्यात धरले होते, तेवढ्यात पोलीस आले. मी वाचले, पण भीती गेली नाही.

मला परत मिळवायला धरमसिंगने आपल्या तालुक्याच्या कोर्टात अर्ज केला. ओळख पटवायला वणीचे हवालदार सदाशिवराव मला तिथे घेऊन गेले. टेबलावर मला पाहताच धरमसिंग पुढे झाला.

"माह्या नंदाचीच हाये. एक घुंगरू कमी हाये पाहा. पोरीनं लहानपणी ओढून तोडलं."

मला वाटले, आता घरी जायचे. पण न्यायाधीश बाई म्हणाल्या, "जप्ती वणीच्या कोर्टात नोंदली आहे. वस्तू परत देण्याचा अधिकार या कोर्टाला नाही. अर्ज फेटाळला."

"पण म्याडम, घर तं माहं इथंच हाये! बायको इथंच गेली!"

बाहेर सदाशिवराव म्हणाले, "बाबा, हरवलं शेतात अन् शोधून राह्यले अंगणात! माल जिथं धरला, तिथलं कोर्ट. वणीले अर्ज करा."

"करतो. पण तवरीक हिले कोणी वितळवणार तं नाही ना?"

सदाशिवरावांनी मुद्देमालाचे पाकीट काढले. त्यांनी मला पाकिटात घातले आणि वरून सील करायला लाख ओतली. कागदातून गरम लागले. मला वाटले, आली माझी पाळी.

आता मी वणीत, कुलपाच्या कपाटात आहे. बेवारस मालाचा लिलाव होतो, असे बाजूच्या पाकिटातले घड्याळ सांगते. कपाट उघडले की मी घाबरते.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू पेटीच्या तळाशी दडवू नका. लेकीसुनांना वापरू द्या. अंगावरची वस्तू पेटीसारखी उचलून नेता येत नाही. मला सोडवायला येणारा एकच आहे, आणि तो अजून वाटेत आहे. तो येईपर्यंत मला दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.