पिवळा इशारा

सकाळी आकाशात पिसांसारखे पांढरे फराटे होते, म्हणजे सिरस. दुपारपर्यंत ते एकमेकांत मिसळून त्यांचा दुधी पडदा झाला आणि सूर्याला खळं पडलं. वेधशाळेच्या गच्चीवरून ती सरांना म्हणाली, "सिरोस्ट्रेटस. आणि पश्चिमेकडून दाट होत चाललाय, म्हणजे हवा बिघडणार."

सर खूश झाले. हे ढग तिला त्यांनीच शिकवले होते. ती नोकरीत नवी असताना बाकीच्यांनी तिला आकडे भरायला बसवलं, सरांनी मात्र हाताला धरून वर आणलं. "उपग्रहाचं चित्र कुणीही बघेल. आधी मान वर करायला शीक." तिचे वडील आजारी होते तेव्हा तिच्या पाळ्याही सरांनीच केल्या होत्या.

समुद्रातला कमी दाबाचा पट्टा अंदाजापेक्षा वेगाने किनाऱ्याकडे सरकत होता. तिने नारिंगी इशारा लिहिला : उद्या वादळी वारे, छोट्या बोटी पाण्यात नेऊ नयेत. सरांनी तो वाचून मान डोलावली. "अगदी बरोबर. तू नीघ आता, दमलीयेस. मी पाठवतो."

वाटेत तिने भावाला फोन लावला. त्याची बेटावर ये-जा करणारी बोट होती.

"दादा, उद्या बोट काढू नकोस."

"अगं, उद्या बेटावरच्या नव्या धक्क्याचं उद्घाटन आहे. पाहुणे न्यायचेत."

"नारिंगी इशारा येतोय."

"मग येऊ दे की. आला तर बांधून ठेवतो."

सकाळी तिच्या फोनवर इशारा आला तो पिवळा. 'सतर्क राहा', एवढंच. खाली अंदाज देणारी म्हणून तिचं नाव. आधी तिला वाटलं, कुणाची तरी चूक झाली. तिने सरांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. दादाचा लागेना. बहिणीचंच नाव बघून तो निर्धास्त निघाला होता.

पाहुणे सुखरूप उतरले. परतताना बंदराच्या तोंडाशी वाऱ्याने बोट आडवी केली. बोटीवर दादा आणि त्याचा इंजिनवाला, दोघंच होते. इंजिनवाल्याला सगळे बारक्या म्हणत, होता मात्र चांगला आडवातिडवा. धक्क्यावरच्या लोकांनी दोर टाकून दादाला ओढून घेतलं. बारक्या दुसऱ्या दिवशी खडकांत सापडला.

दवाखान्यात दादाच्या बरगड्यांना पट्टे बांधलेले होते. श्वास घेत घेत तो म्हणाला, "तुझं नाव होतं खाली. म्हणून निघालो."

"मी नाही बदललं, दादा."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

चौकशीला बाहेरून तीन अधिकारी आले. सर आपणहून सगळं सांगतील, याची तिला इतकी खात्री होती की ती काही तयारी न करताच गेली. सर बोलू लागले. आवाज तोच, शिकवताना असायचा तसा, मऊ.

"मुलगी हुशार आहे, पण मत लवकर बदलते. निघताना जिन्यात मला म्हणाली, वर नुसता सिरस आहे, पिवळा पुरे. मी तिच्यावर विश्वास ठेवला. तेवढी माझी चूक."

ते नजर तरी चुकवतील, असं तिला वाटलं होतं. ते सरळ तिच्याकडे बघत होते.

"असं काहीही झालं नाही," ती म्हणाली. पण जिन्यात कोण होतं, कोण नव्हतं, हे सांगणार कोण?

बाहेर स्कूटरच्या रांगेपाशी तिने त्यांना गाठलं.

"का केलंत?"

"वरून फोन आला होता. उद्घाटन पुढे ढकलता येत नव्हतं. मला वाटलं, वारा संध्याकाळच्या आत येणार नाही."

"मला विचारलं का नाहीत?"

"तू ऐकलं नसतंस."

"आणि आत माझं नाव?"

सरांनी हेल्मेटचा पट्टा लावला. "मी निवृत्तीला आलोय. एवढ्याशा गोष्टीवरून सगळं मातीत घालू? तुझ्यापुढे अख्खी नोकरी आहे. तू सावरशील."

एवढ्याशा गोष्टीवरून! तिला ओरडायचं होतं, पण तोवर स्कूटर निघून गेली.

समितीने तिला लेखी ताकीद दिली. सर मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला ती गेली नाही. त्या दुपारी ती बारक्याच्या घरी गेली. त्याची बायको दारात उभी राहिली. आत या, असं काही बाई म्हणाली नाही. तिने उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं.

"म्हणजे बदललं दुसऱ्याने?"

"हो."

"मग नाव तुमचं कसं?"

"लिहिणाऱ्याचं जातं."

"बदलणाऱ्याचं नाही?"

"नाही."

बाई म्हणाली, "तुम्ही खरं बोलताय की नाही, मला कसं कळावं? ताई, असं काही मी ह्यांनाच विचारायची, आणि हे तर गेले."

दादा तिच्याशी पुन्हा बोलू लागला, पण त्याला बराच काळ गेला. तेही घरचं, दुखण्याखुपण्याचं. त्या सकाळबद्दल त्याने तिला कधी काही विचारलं नाही, आणि तिनेही ते पुन्हा काढलं नाही.