गाळणीवरचा वारा

वार्दार नदीकाठचं आमचं गाव दोन गोष्टींवर उभं आहे: लाल मिरची आणि घरोघरी गाळलेली राकिया, म्हणजे फळांची दारू. तिसरी गोष्ट गांजा असेल असं कुणी सांगितलं असतं, तर आम्ही त्याच्यापुढे आधी एक पेला ठेवला असता आणि मग शांतपणे ऐकून घेतलं असतं. पण सरकारने औषधी गांजाला परवाना दिला, बंद पडलेल्या मिरचीच्या कारखान्याला नवा रंग लागला, आणि माझी पुतणी दाफिना व्हिएन्नाची नोकरी सोडून तिथली मुख्य रसायनतज्ज्ञ झाली.

काम ऐकायला सोपं आहे. फुलं मद्यार्कात बुडवली की त्यांचं सत्त्व त्यात उतरतं. पण सत्त्वाबरोबर झाडाचं मेणही उतरतं, जसं लग्नाला नवरदेवाबरोबर त्याचं सगळं गाव येतं. म्हणून तो अर्क कडक थंडीत ठेवायचा. मेण गोठून पांढरं होतं, आणि ते गोठलेलं असतानाच थंड खोलीत गाळून काढायचं. मेण एकदा हटलं की बाकीचं शुद्धीकरण सुरळीत होतं.

पहिला अर्क गाळल्यावर सोन्यासारखा दिसला. फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी ताकासारखा गढूळ. दुसराही तसाच. जर्मनीतल्या खरेदीदारांचा निरोप आला की आमचा माणूस येतोय, तिसरा त्याच्यासमोर गाळा. तोही गढूळ निघाला तर कारखान्याला कुलूप आणि दाफिना परत व्हिएन्नाला. मालकाने हे इतक्या सभ्यपणे सांगितलं की आम्हाला वाईट वाटायला अर्धा दिवस लागला.

दाफिनाने गाळणीचे कागद बदलले, रंग काढायची माती बदलली, कोळसा बदलला, मद्यार्क पुन्हा तपासला. गावानेही आपल्या परीने हातभार लावला, म्हणजे सल्ले दिले. तिचा बाप, माझा थोरला भाऊ त्राइको, याच्याइतकी स्वच्छ राकिया पंचक्रोशीत कुणी काढत नाही. त्याने ती गढूळ बाटली उजेडात धरली.

"माझी राकिया कधी अशी झाली नाही," तो म्हणाला.

"बाबा, तुमच्या राकियात मेण नसतं."

"माझ्या राकियात नको ते काहीच नसतं. तेच तर सांगतोय."

शेवटी तिने गाळणीच्या खोलीतल्या सगळ्यांना गोळा केलं. या खोलीची मुकादम म्हणजे तिची आई, स्पासा वहिनी. जन्म कारखान्यात मिरची निवडायच्या पट्ट्यावर गेलेला, तिच्यासमोर यंत्रंसुद्धा दबून चालतात.

"खोलीत कुणी कशाला हात लावला का?" दाफिनाने विचारलं. "सांगा, मी रागावणार नाही."

"नाही," सगळे म्हणाले. आणि आमच्या गावाच्या समजुतीप्रमाणे ते अक्षरशः खरं होतं.

पाहुणा यायच्या आदल्या दिवशी ती मला खोली दाखवायला घेऊन गेली. पांढरा कोट, टोपी, सगळं चढवून मी मधोमध जाऊन उभा राहिलो. वरच्या शीतयंत्राच्या पंख्यातून गार वाऱ्याचा झोत सरळ मानेवर येत होता.

"काका, तिथे नका उभे राहू, मान धरेल," ती म्हणाली आणि सहज हात लांबवून तिने पंखा बंद केला.

मग ती तशीच उभी राहिली. बटणावर हात, आणि नजर हातावर.

बाहेरच्यांना हे कळणार नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे माणूस सिगारेटने मरत नाही, चरबीने मरत नाही, राकियाने तर नाहीच. तो प्रोमायेने मरतो. प्रोमाया म्हणजे खोलीतून जाणारा वारा. तोच वारा बाहेर असला तर ते हवामान, आत आला तर खून. त्यामुळे तो दिसला की बंद करणं हे पापणी लवण्यासारखं आहे. कोण लक्षात ठेवतो?

"आई," दाफिनाने हाक मारली, "गाळताना हा पंखा कोण बंद करतं?"

"कोण म्हणजे? जो आधी पोचेल तो."

"मी विचारलं होतं ना, कशाला हात लावला का म्हणून?"

"हात कुणी लावलाय? प्रोमाया बंद केली."

"आई, हा पंखाच खोली थंड ठेवतो. तापमापक टाकीत आहे. टाकी थंडच होती, पण गाळणी तापत होती. मेण विरघळून कागदातून खाली उतरलं, सगळं."

वहिनीने कंबरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "दुसऱ्या वेळी तूच केला होतास बंद. मला शिंक आली तेव्हा."

दाफिना एवढी हसली की तिला भिंत धरावी लागली.

दुसऱ्या दिवशी खोलीतली माणसं उत्तर ध्रुवावर निघाल्यासारखी आली. कोटाच्या आत लोकरीचे पट्टे, कानात कापूस, टोपीखाली आणखी टोपी. आणि मग जर्मन पाहुणा आला, लिंडनाऊ. हॉटेलातून थेट अंघोळ करून.

"ओले केस," वहिनी पुटपुटली. कोर्टात साक्षीदार खुन्याकडे बोट दाखवतो तो सूर.

गाळणी सुरू झाली. पंखा घोंघावत होता. लिंडनाऊ नेमका झोताखाली उभा, कॉलर उघडी, चेहरा प्रसन्न. एकीकडे मुलीचा कारखाना, दुसरीकडे दारात आलेल्या पाहुण्याचा जीव. वहिनीचा उजवा हात बटणाकडे निघाला. डाव्या हाताने तिने तो मनगटाला धरून मागे ओढला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

दाफिनाने गाळणी उघडली तेव्हा कागदावर पांढऱ्या मेणाचा जाड थर होता. यापूर्वी तिथे जेमतेम पापुद्रा असायचा. पण फ्रिज अजून बाकी होता.

सकाळी सगळे फ्रिजसमोर जमले. दाफिनाने नमुन्याची बाटली काढली. तिच्यावर दव साचलं होतं, त्यामुळे आत काय आहे ते कुणालाच दिसेना. त्राइकोने पाहुण्याकडे बघून 'मी दाखवतो' अशी मान हलवली, बाटली घेतली, आणि फाटकाबाहेरच्या खांबापाशी गेला. या खांबावर गावातल्या निधनाच्या सूचना चिकटवतात. आम्ही सगळे त्याच्यामागे. त्याने बाहीने काच पुसली आणि बाटलीतून वाचायला लागला. मृताचं नाव. वय. दुःखी पत्नी, मुलगे, सुना, नातवंडं. मग खाली वाकला आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं छापखान्याचं नावही वाचलं.

"दिसतंय," तो म्हणाला.

उभ्या आयुष्यात त्याने दुसऱ्याने गाळलेल्या कशालाही एवढी दाद दिली नव्हती. दाफिनाने तोंड फिरवलं. लिंडनाऊने स्वतः वाकून छापखान्याचं नाव वाचलं, हात पुढे केला, आणि तो काहीतरी म्हणाला. दाफिनाने भाषांतर केलं, पण तिचा आवाज चिरकला म्हणून दोनदा करावं लागलं: दरवर्षीचा माल घेणार, पहिली खेप लगेच. मिरचीचं काम बंद पडल्यापासून वर्षानुवर्षं मुका पडलेला कारखान्याचा भोंगा कुणीतरी वाजवला. गावातले कुत्रे त्यात सामील झाले.

भोंगा थांबला आणि त्या शांततेत लिंडनाऊला शिंक आली.

सगळं गाव त्याच्याकडे बघायला लागलं. कुणी 'सांगितलं होतं' असं म्हणालं नाही. एवढा विजय पचवायलाही संस्कार लागतात.

"अर्क वाचला," स्पासा वहिनी बाह्या सरसावत म्हणाली. "आता याला वाचवूया. त्राइको, घरून राकिया आण, छातीला चोळायला. स्वच्छ असेल ती."

"माझी सगळीच स्वच्छ असते," त्राइको म्हणाला, आणि निघाला.