सगुणाबाईंच्या दातांवरची तार

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो. कपडे वाळत घालायची नव्हे आणि विजेची तर नव्हेच. वेडेवाकडे दात सरळ करायला ज्या तारा लावतात, त्यांतली मी एक. शिवणाच्या सुईपेक्षाही बारीक आहे, म्हणून मला कुणी घाबरत नाही. उरणच्या बाजारात एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथे मी कामाला लागले. काम चोख केलं. त्यातून काय झालं ते सांगते, पण गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कारखान्यातला. दोन धातू वितळवून एक केले, ओढून ओढून बारीक केले, आणि कमानीच्या आकारात तापवले. तिथे मला एकच गोष्ट शिकवली, हा आकार विसरायचा नाही. गार असताना मला कशीही वाकवा, मी मुकाट वाकेन. पण तोंडाची ऊब लागली की मी जागी होते आणि आपल्या आकारावर यायला बघते. वाटेत दात असले तर त्यांनाही सोबत आणते. मला झोप नाही, सुट्टी नाही, आणि दयामाया म्हणाल तर तीही नाही. थांबायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलंच नाही.

सगुणाबाई उरणजवळच्या एका गावातल्या. घर पूर्वी मिठागरावर राबणाऱ्यांचं, आता दारात कंटेनर वाहणारे ट्रेलर उभे असतात. पण बाईंचं नाव ट्रेलरमुळे नव्हतं. त्या धवलारीण होत्या, म्हणजे आगरी लग्नांत विधी चालू असताना धवले गाणारी बाई. मुहूर्ताला भटजी थोडे मागेपुढे झाले तर लोक चालवून घेत, सगुणाबाई मात्र वेळेवर लागत. एवढं मोठं गाणं आणि तेही तोंडपाठ, आईकडून आलेलं.

एका हळदीचा व्हिडिओ त्यांनी लेकीच्या फोनवर पाहिला आणि मध्येच थांबवून स्वतःचं तोंड न्याहाळलं. समोरचे दोन दात पुढे आलेले, मध्ये फट. तरुणपणी तसं नव्हतं. चाळिशी उलटल्यावर दात आपले आपण पांगायला लागले होते. का पांगले, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. खरं तर तेच पहिलं विचारायचं असतं.

लेक मृणाली त्यांना दवाखान्यात घेऊन आली. मी तेव्हा ड्रॉवरमध्ये पाकिटात होते, सगळं ऐकत होते.

"आता या वयात व्हतं का वो डॉक्टर?" सगुणाबाईंनी विचारलं.

"वयाचं काही नाही," डॉक्टर सुचिता म्हणाल्या. "हिरड्या आणि हाड धड असलं की साठीतही होतं. मोठ्या माणसाला वेळ जरा जास्त लागतो, एवढंच."

त्यांनी नमुने समोर मांडले. दातांवर चिकटवायची साधी धातूची कडी आणि तार, तिचे चाळीस हजारांच्या आसपास. दाताच्या रंगाची सिरॅमिकची कडी, ती पटकन दिसत नाही, तिला साठेक हजार. आणि काढता घालता येणारे पारदर्शक साचे, ते लाखाच्या पुढे. दाताच्या मागच्या बाजूनेही तार लावतात, पण ती जिभेला लागते, गाणाऱ्या बाईला त्रास होईल, असंही त्या म्हणाल्या.

"पैशाचं टेन्शन नाय डॉक्टर," मृणाली म्हणाली. ती कंटेनर यार्डच्या ऑफिसात कामाला होती. "सगळ्यात भारी असेल ते लावा आईला."

"महाग म्हणजे भारी असं नसतं. साचे जेवायच्या वेळा सोडल्या तर दिवसभर घालायचे असतात. काढून ठेवले आणि विसरले, की पैसे पाण्यात."

"लग्नघरात ही रात्रभर चहा पिते. हरवून बसेल ती."

शेवटी साध्या तारेवर ठरलं. पण डॉक्टर एक्स-रे बघत बसल्या होत्या. हिरडीखालचं हाड बरंच झिजलं होतं. त्यांनी वर बघून विचारलं, "मशेरी लावता का?"

भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बाईंच्या बोटाला लहानपणापासून ठाऊक होती. त्या लेकीकडे बघत म्हणाल्या, "सकालची लावताव. सगल्याच लावतान आमच्याकडं."

"ती बंद करायची. दात पांगलेत ते तिच्यामुळे हिरड्या खराब झाल्या म्हणून. आधी हिरड्यांचा इलाज, मग तार. आणि दर महिन्याला मला दाखवायचं. हाड कमी असताना तार लावणं हा खेळ नाही, सगुणाबाई."

बाईंनी मशेरी खरंच सोडली. हिरड्या साफ करून घेतल्या, रक्त यायचं थांबलं. मगच डॉक्टरांनी मला पाकिटातून काढलं, एकेका दातावर कडी चिकटवून त्यांत ओवलं, आणि फट मिटवायला वरून रबराची साखळी जोडली. "दात थोडे हलल्यासारखे वाटतील, घाबरू नका," असं त्या जाताना म्हणाल्या. चांगल्या मनाने म्हणाल्या बिचाऱ्या.

त्यांच्या तोंडाची ऊब मला लागली आणि मी कामाला लागले.

पहिले काही दिवस ठणका असतोच. ऐन लग्नसराई होती, बाईंना गायला जायचं होतं. सकाळी मागच्या पडवीत थोरली जाऊ आवडाबाई तव्यावर तंबाखू भाजत बसलेली. तिला जावेचे हाल बघवेनात.

"जराशी लाव गो सगुणे. दुखनं थांबंल."

"डॉक्टरीन नको बोलली."

"डॉक्टरीन हितं बघाया येतंय व्हय?"

बाईंनी बोट पुढे केलं. दुखणं खरोखर थांबलं, कारण मशेरीने हिरडी बधिर होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली, मग रोजच. माझ्या कड्यांखाली ती काळी पूड साचायला लागली. आता डॉक्टरांकडे जायचं तर त्यांना दिसणार आणि त्या रागावणार, म्हणून बाई जाईनाशा झाल्या. दवाखान्यातून फोन आला की आज अमक्या गावात हळद, उद्या तमक्या गावात, असं सांगून मोकळ्या. मृणालीलाही तेच सांगितलं, आणि तिला ते पटलं.

मित्रांनो, निरोगी दात ओढताना जोर लागतो. तो हाडाला धरून बसतो, हाड हळूहळू वाट देतं, मग तो सरकतो. बाईंचे दात माझ्यामागे फार लवकर यायला लागले. भरतीनंतरच्या चिखलातला खुंटा हात लावताच यावा, तसे. मला शंका आली. पण शंका येऊन तारेने काय करायचं? मी ओढत राहिले.

फट मिटली. दात एका ओळीत आले. गावात माझं कौतुक सुरू झालं. "सगुणा, काय दात बसलंय गो," असं बायका म्हणत आणि जवळ येऊन मला बघत. त्या जरा आणखी जवळ आल्या असत्या तर त्यांना वास आला असता. भाकरीच्या तुकड्याला रक्त लागत होतं. जिभेने ढकलले तरी समोरचे दात हलत होते. मृणालीने एकदा विचारलंही, "आई, दात हलतात का गं?"

"हलतान म्हंजेच काम चाललंय," बाई समाधानाने म्हणाल्या. "डॉक्टरीन बोललीवती ना."

मला त्या वेळी तोंड असतं तर मी ओरडले असते. असं बोलणं मला शोभत नाही, पण खरं तेच आहे. त्या माउलीला वाटत होतं तिचे दात बरे होतायत, आणि मी त्यांना घराबाहेर काढत होते.

मृणालीचं लग्न ठरलं. हळदीला आठवडा राहिला असताना जेवताना समोरचा एक दात आडवा फिरला. तेव्हा कुठे बाई दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी तोंडात आरसा धरला आणि माझ्या कड्यांखालची काळी पूड खरवडून बघितली.

"मशेरी?"

बाईंनी मान डोलावली.

"कधीपासून?"

"तार लागली तवापासून."

डॉक्टरांनी मला दोन्ही बाजूंनी कापलं आणि अगदी अलगद सोडवायला गेल्या. मी बाहेर आले, आणि माझ्याबरोबर समोरचे दोन दात आले. ओढावे लागलेच नाहीत. त्यांच्या मुळांवर काळा थर होता. बाई आरशाकडे बघायला तयार नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरीच्या हलदीला धवला कोन म्हननार आता?"

डॉक्टरांनी तात्पुरते दात बसवून दिले. बाजूचे दात अजून वाचतील, पण हिरड्यांना वेळ द्यावा लागेल, मग पुढचं बघू, म्हणाल्या. तात्पुरत्या दातांनी जेवता येतं, पण तोंड उघडून गायला गेलं की ते सुटतात.

मित्रांनो, तुमच्या घरात आई असेल, काका असेल, मोठेपणी दात सरळ करून घ्यायची हौस असेल, तर जरूर करा. लाजायचं काही कारण नाही. कुठली तार, किती पैसे, सगळं विचारा. पण तोंडात काय लावता, काय खाता, कधीपासून दुखतंय, ते डॉक्टरला खरं खरं सांगा, आणि बोलावलं की जा. ओरडा बसला तर बसू द्या. मला थांबवू शकतो तो एकटा डॉक्टर, आणि त्याला काही दिसलंच नाही तर मी माझं काम पूर्ण करते.

लग्नानंतर मृणाली पेढे घेऊन दवाखान्यात आली होती, तेव्हा मी तिथेच एका डबीत पडून होते. "हळदीला शेजारच्या केसरकाकूने धवला धरला," मृणाली म्हणाली, "पण काकू मध्येच अडली. पुढचं कुणालाच येईना. मांडवातल्या सगळ्या बायका आईकडे बघायला लागल्या. आई ओठ मिटून माझ्या हाताला हळद लावत राहिली."

"आता कशा आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"मशेरी सोडली तिने," मृणाली म्हणाली. "धवले पण सोडले."